दोन सालांची गाडी

माझ्या गाडीचं इंजिन मीच जाळलं. हे माझ्या भावाला अजून माहीत नाही, आणि हे छापून आलं तरी कळणार नाही, कारण तो केळीच्या बाजारभावाशिवाय काही वाचत नाही.

मी राहते धुळ्याला आणि शिकवते अमळनेरच्या एका शाळेत. गणित. रोज सकाळी गाडी काढायची, तासाभरात शाळेत पोचायचं, असं अठरा वर्षं चाललं होतं. त्या दिवशी अर्ध्या वाटेवर तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकलेला मला दिसला होता. न दिसायला मी काही बावळट नाही. गाडी कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचं, थंड होऊ द्यायची आणि पाणी भरायचं, एवढंच काम. पण मी थांबले नाही, कारण मी रस्त्याच्या कडेला थांबले की माणसं जमतात.

मला दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. डाव्या पायाला मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर असतो, म्हणजे लोखंडी सळ्या आणि चामडी पट्टे. दार उघडून मी काठी बाहेर टेकवायचा अवकाश, दोन मोटरसायकली थांबल्याच म्हणून समजा. 'बाई, तुम्ही उतरू नका.' 'एकट्याच निघाल्या?' 'घरच्यांचा नंबर द्या.' माणसं वाईट नसतात. पण त्यांच्या मदतीत माझी गाडी माझी राहत नाही, आणि मीही पन्नाशीची बाई न राहता हरवलेलं पोर होते. म्हणून 'आता राहिलं किती, पोचू' असं म्हणत मी रेटत राहिले. अमळनेर दिसायच्या आधीच आतून खडखड आली, मग एक मोठा आवाज, मग काहीच नाही. आणि माणसं जमलीच. कोणीतरी माझ्या फोनवरून भावाला फोनसुद्धा लावला.

गाडी म्हणजे काही मोठी बाब नव्हे. छोटी, चार दारांची, पांढरी. तशा गाड्या धुळ्यात गल्लोगल्ली उभ्या असतात. माझ्या गाडीत एकच गोष्ट वेगळी आहे. गिअरच्या दांड्याला एक वीतभर लांबीची लोखंडी मूठ जोडलेली आहे, सायकलच्या ब्रेकसारखी, पण चांगली जाडजूड. ती आवळली की केबल ओढली जाते, केबल खालचं क्लचचं पायडल दाबते, आणि त्याच हातानं गिअर बदलायचा. डाव्या पायाचं काम डाव्या हातानं करायचं. उजवा पाय ठणठणीत आहे, तो ब्रेक आणि अॅक्सिलरेटर सांभाळतो.

ही मूठ जळगावच्या एका कारागिरानं बनवली होती. खिडक्यांचे गज आणि धान्याच्या कोठ्या करणारा माणूस. गाडीत बसण्याआधी त्यानं माझ्या हातात कापूस मोजायचा स्प्रिंगचा काटा दिला, त्याचं एक टोक भिंतीतल्या खिळ्याला अडकवलं आणि म्हणाला, "ओढा." मी ओढला. "आता वीस वेळा ओढा, न थांबता." वीस वेळा ओढल्यावर काटा कुठं येतो ते त्यानं खडूनं भिंतीवर लिहिलं आणि त्या आकड्यावर मुठीची लांबी ठरवली. तोवर माझ्या शरीराचं माप लोकांनी कीव करायला घेतलं होतं. काम करायला घेणारा हा पहिलाच. त्याचं दुकान आता राहिलेलं नाही.

भावाचा फोन त्याच संध्याकाळी आला. आमचं गाव रावेरकडचं, केळीचं. भाऊ माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. लहानपणी यानंच मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, चिखलातून, नाल्यातून, चौथीपर्यंत. हे मी विसरलेले नाही. तोही विसरत नाही, हीच तर अडचण आहे. त्याच्या खांद्यावरून खाली उतरायला मला चाळीस वर्षं लागली.

"आता पुरे झालं," तो म्हणाला. "ते डबडं भंगारात घाल. मी तुले नवी घेऊन देतो, ऑटोमॅटिक. अन् तिच्यावर ड्रायव्हर ठेवतो."

"ऑटोमॅटिकला क्लच नसतो. मग ड्रायव्हर कशाला?"

"तुह्या जिवासाठी."

'तुझ्या जिवासाठी' या शब्दांपुढे भल्याभल्यांनी हात टेकले आहेत. नवी ऑटोमॅटिक माझी मी घेण्याइतके पैसे माझ्याकडे नव्हते, ते तळमजल्याच्या घरात गेले होते. भावाकडे होते, आणि त्याच्या पैशामागून ड्रायव्हर येणार होता. म्हणजे शाळा सुटल्यावर मला कुठं जायचंय ते मी एका माणसाला सांगणार, तो वाट बघत घड्याळ पाहणार, आणि रात्री भावाला फोनवर कळणार की आज ताई कुठं कुठं गेल्या. डोकं तापलं माझं. मी म्हटलं, "मार्गशीर्षात तुझ्या धाकट्या मुलीचा साखरपुडा आहे ना भडगावला? त्या दिवशी मी माझी गाडी चालवत येईन. नाही आले, तर तुझी गाडी, तुझा ड्रायव्हर, तू म्हणशील तसं."

"पक्कं?"

"पक्कं."

तो खूश झाला. मेलेलं इंजिन जिवंत होत नाही हे त्यालाही माहीत होतं.

माझी गाडी पहिल्यापासून एकाच मिस्त्रीकडे जाते. धुळ्यात चाळीसगावच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड आहे. साठी उलटलेली, बोलणं अस्सल अहिराणी. सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही म्हणते. नानांनी इंजिन खोललं, टॉर्च मारला आणि मला जवळ बोलावलं. आतला लोखंडी ठोकळाच तडकला होता.

"ताई, हाई इंजिन आते कामनं नही ऱ्हायनं," ते म्हणाले. "दुसरं बसाडनं पडी."

त्याच सालचं दुसरं इंजिन शोधायला आम्ही दीड महिना घालवला. सापडली ती माझ्या इंजिनाहूनही वाईट अवस्थेतली. एकाच्या आत तर उंदरांनी संसार मांडला होता. शेवटी जळगावच्या एका भंगारवाल्याकडे एक इंजिन निघालं. गाडी हीच, पण सहा वर्षांनी नवी. एरंडोलजवळ मागून ट्रकनं ठोकलेली, पुढचा भाग शाबूत. मी एसटीनं जळगाव गाठलं आणि स्टँडवरून रिक्षानं तिथं जाऊन ते स्वतः पाहिलं. भंगारवाला माझ्याशी न बोलता रिक्षावाल्याशी बोलत होता. "बॅटरी लाव आणि सुरू करून दाखव," मी मधेच म्हटलं. त्यानं दाखवलं. आवाज स्वच्छ होता. बिल, मूळ गाडीची नोंद रद्द झाल्याचा कागद, इंजिन नंबर, सगळं मी तिथंच मागून घेतलं. गणित शिकवणाऱ्या बाईला कागद कमी पडत नाहीत.

एकाच गाडीची दोन वेगळी सालं म्हणजे सख्खे भाऊ. चेहरा सारखा, पण एकाचे कपडे दुसऱ्याला होतीलच असं नाही. नव्या इंजिनाला गाडीत धरून ठेवणारा उजवीकडचा कान चार बोटं पुढे निघाला. नानांनी जुना कापला, नवा जोडला. पाण्याचा पाइप आखूड पडला, तो दुसऱ्याच कुठल्या गाडीचा कापून बसवला. नव्या इंजिनाचा कॉम्प्युटरचा डबा वेगळा, त्याच्या तारा जुन्या गाडीत दुप्पट झाल्या. वायरिंगवाला तीन दिवस डॅशबोर्डखाली उताणा पडून होता. गिअरबॉक्स मात्र माझीच जुनी ठेवली, कारण माझी मूठ, माझी केबल, सगळं तिच्या मापाचं. नव्या इंजिनाच्या क्लचप्लेटचे दात जुन्या गिअरबॉक्सच्या दांड्यावर बरोबर बसले, तेव्हा नानांनी मला मुद्दाम फोन केला. दोन वेगळ्या सालांचं लोखंड एकमेकांत बसल्याचा आनंद त्यांच्या आवाजात होता, आणि खोटं कशाला सांगू, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

हे सगळं चालू असताना मी एसटीनं शाळेत जात होते. एसटीची पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर येते. काठी आधी आत टाकायची, दोन्ही हातांनी दांडे धरायचे आणि स्वतःला वर ओढायचं. हे मला जमतं. जमत नाही ते पुढचं. कंडक्टर मोठ्यानं ओरडतो, "ओ, बाईंना जागा द्या!" आणि अख्खी गाडी माझ्या पायाकडे बघते. एकदा माझ्याच वर्गातल्या मुलीची आई उठली आणि शेजारणीला म्हणाली, "बिचाऱ्या, आता गाडी नाही ना चालवता येत." मी चिडून म्हटलं, "इंजिन बिघडलंय, मी नाही." ती ओशाळली. मला तिला दुखवायचं नव्हतं, पण बोलले त्याचा पश्चात्तापही झाला नाही.

साखरपुड्याला पंधरा दिवस राहिले असताना नानांचा निरोप आला की या, गाडी तयार आहे.

मी पोचले तेव्हा शेडमध्ये पाच जण जमले होते. नाना, वायरिंगवाला, शेजारचा टायरवाला, आणखी कोण कोण. इंजिन चालू होतं, अगदी मऊ आवाजात. पाचही जणांनी गाडी चाळीसगावच्या रस्त्यावर फिरवून आणली होती.

"बठ्ठं बसाडी टाकं," नाना म्हणाले, म्हणजे सगळं बसवून झालं. "क्लच तं देखा, एकदम लोनी शे!"

मी बसले. काठी मागे ठेवली, पट्टा लावला, मूठ आवळली. ती निम्म्यावर येऊन थांबली. मी पुन्हा आवळली, दात खाऊन. आली शेवटपर्यंत. पहिला टाकला, गाडी निघाली. दुसरा कसाबसा पडला. तिसऱ्याला बोटं सुटली, गिअर कर्रकन ओरडला आणि गाडी शेडच्या फाटकातच गचका खाऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. चौथ्या वेळेला मूठ अर्धीसुद्धा येईना.

टायरवाला हळूच म्हणाला, "ताईस्ना हात थकी जास ना आते. वय व्हयनं."

रागानं रडू येतं तसं मला आलं. वय झालं म्हणून नाही. ते वाक्य भावाच्या कानावर जाण्याआधीच त्याच्या सोयीचं होतं म्हणून. पंधरा दिवसांनी मी भडगावला माणसासारखी उतरणार की सामानासारखी उतरवली जाणार, ते त्या एका मुठीवर ठरणार होतं. नानांनी खिडकीशी वाकून मऊ आवाजात विचारलं, "ताई, ड्रायव्हर देखू का एखादा? मना वळखना शे."

"नाना, क्लच तपासला कोणी?"

"बठ्ठास्नी. मी सोता देखा."

"कशानं?"

त्यांना प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारलं, "हातानं की पायानं?"

पायडल होतंच ना खाली. माझ्या मुठीची केबल त्याच पायडलला जोडलेली. पाचही जणांनी सीटवर बसून डाव्या पायानं पायडल दाबलं होतं आणि लोणी, लोणी म्हणत परत आले होते. अठरा वर्षं माझी गाडी दुरुस्त करणाऱ्या माणसालाही ती मूठ एकदा आवळून बघावी असं सुचलं नव्हतं. मूठ त्यांच्या लेखी माझी अडचण होती, गाडीचा भाग नव्हता.

मी म्हटलं, "कापसाचा काटा मिळेल का कुठं?"

समोरच्या आडत दुकानातून काटा आला. मी तो मुठीच्या टोकाला अडकवला आणि नानांना ओढायला लावलं. मूठ पूर्ण दबेपर्यंत काटा सोळा किलोवर गेला. जळगावच्या त्या कारागिरानं ठरवलेला आकडा मला पाठ होता: नऊ. मी तो नानांच्या शेडच्या भिंतीवर कोळशानं लिहिला. शेजारी सोळा लिहिला. मग वर्गात लिहिते तशी मधे वजाबाकीची खूण काढली आणि म्हटलं, "ही सात किलो माझ्या वयाची नाहीत. ही तुमच्या क्लचची आहेत."

नाना भिंतीकडे बघत राहिले. मग स्वतः गाडीत बसले आणि डाव्या हातानं मूठ आवळली. एकदा, दोनदा, दहादा. अकराव्या वेळी त्यांनी हात झटकला.

"तुमनं खरं शे, ताई. मी पायनी देखं, हातनी नही देखं."

चूक कुठं झाली ते मग नानांनीच उलगडून सांगितलं. इंजिनाच्या मागं एक जड चक्र असतं आणि त्याच्यावर क्लच बसतो. नव्या सालच्या इंजिनाबरोबर नव्या सालचं चक्र आणि नवा, मोठा, दणकट स्प्रिंगचा क्लच आला होता. वस्तू नवी, चांगली, मग काढायची कशाला, म्हणून नानांनी तशीच ठेवली. आपल्याकडे नवं मिळालं की ते चांगलंच, हे कोणी तपासत बसत नाही. पायाला तो फरक जाणवलाही नाही.

"मग माझं जुनं चक्र आणि जुना क्लच या इंजिनाला लावा," मी म्हटलं.

"नवं शे ते काढीसन जुनं बसाडू? लोके मले येडा म्हनतीन."

"म्हणू द्या. मला अठरा वर्षं म्हणतायत."

नाना हसले. पण भोकं जुळतील की नाही ते त्यांना माहीत नव्हतं, आणि ते बघायला गिअरबॉक्स पुन्हा उतरवावी लागणार होती. म्हणजे आठवडा गेला. जुनं चक्र शेडच्या मागं, पाणी साचलेल्या टायरांच्या ढिगात सापडलं. वर गंज चढलेला. नानांनी ते घासून घेतलं, नव्या इंजिनाच्या मागं धरलं आणि मला हाक मारली. सहाही भोकं सहाही भोकांवर. कंपनीनं सहा वर्षांत सगळं बदललं होतं, तेवढं एक बदलायचं राहिलं होतं. क्लचची प्लेट घासली होती, म्हणून ती नवी आणली, पण जुन्याच सालची, जुन्याच मापाची. जोडल्यावर या वेळी काटा नानांनीच मागवला. साडेनऊ आला. मी मूठ आवळली आणि चाळीसगावच्या रस्त्यानं एकटी जाऊन आले. परत आले तेव्हा टायरवाला चहा घेऊन उभा होता. मी त्याला माफ केलं नाही, पण चहा घेतला.

इंजिन बदलायची परवानगी मी आधीच काढून ठेवली होती. तपासणीला गाडी आरटीओत नेली, तर निरीक्षक तरुण होता. इंजिनावरचा नंबर त्यानं पुसून, वाकून वाचला, माझ्या फायलीतल्या कागदाशी ताडून पाहिला आणि विचारलं, "चालवणार कोण?"

"मी."

"मग दाखवा चालवून."

एवढंच. नाही म्हणाला नाही, अरेरे म्हणाला नाही. मी मैदानाला दोन फेऱ्या मारल्या, त्यानं सही केली. कीव न करता परीक्षा घेणारा माणूस मला फार आवडतो.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी आठला दारावरची बेल वाजली. बाहेर पांढरा शर्ट घातलेले, केस पिकलेले एक गृहस्थ. एसटीत आयुष्यभर ड्रायव्हर होते, आता निवृत्त. भावानं ओळखीतून गाठून त्यांना पाठवलं होतं, 'ताईला भडगावला घेऊन या, गाडी तिचीच आहे, तुम्ही चालवा' असं सांगून. म्हणजे गाडी तयार झाल्याचं मी फोनवर कळवलं आणि मी पैज जिंकणार असं दिसल्यावर त्यानं पैजच फिरवली होती. गाडी माझी येणार, चालवत मात्र मी येणार नाही. माझं रक्त उसळलं. पण त्या गृहस्थांचा काय दोष? मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, "चला. पण तुम्ही इकडच्या बाजूला बसा."

ते बसले. पारोळ्यापर्यंत त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता, ते मला दिसत होतं. समोरून ट्रक आला की ते पुढचा डॅशबोर्ड धरत. पारोळ्याच्या पुढे रस्ता खराब आहे. तिथं एका बैलगाडीच्या मागं मी तिसऱ्यावरून दुसरा टाकला, थांबले, वाट मिळताच काढली, आणि त्यांचा पाय सैल झाला. थोड्या वेळानं त्यांनी त्या मुठीबद्दल विचारलं. मी सांगितलं. त्यांनी स्वतःच्या हाताची मूठ हवेत एकदा आवळून पाहिली. मग घोरायला लागले. चाळीस वर्षं दुसऱ्यांना झोपवून नेलेला माणूस माझ्या गाडीत झोपला, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मला नको होतं.

मंगल कार्यालयाच्या फाटकाशी भाऊ उभा होता, डोक्यावर टोपी, भोवती पाहुणे. आम्ही उतरलो. मी काठी टेकवून उभी राहीपर्यंत तो माझ्या शेजारून पुढं जाऊन त्या गृहस्थांशी बोलायलाही लागला. "आनलं ना ताईले बराबर? रस्त्यानं काही तरास नही ना झाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाले, "भाऊ, मी नही आणं ताईस्ले. ताईस्नी मले आणं."

हशा पिकला. मुलाकडची माणसंही हसली. भाऊ हसला नाही. माझी मान मात्र त्या दिवशी इतकी ताठ होती की जेवताना पाठ दुखायला लागली.

पण तो ऐकणारा नव्हे. निघायच्या वेळी गाड्यांपाशी येऊन पुन्हा सुरू झाला. "आली एकदाची, ठीक आहे. दाखवलं लोकायले. आता जातानी यायच्या हाती दे गाडी. मह्या जिवाले घोर नको."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझं लक्ष त्याच्या मोठ्या गाडीकडे गेलं. पुढच्या दिव्यापासून मागच्या दारापर्यंत डावी बाजू चेपलेली. आरसा चिकटपट्टीनं बांधलेला.

"हे कधी झालं?"

"सकायी. फाटकाले लागलं जरा."

मागं वहिनी उभ्या होत्या. त्या त्याच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "तिसरी खेप आहे ही. डॉक्टरांनी डोळ्यांचं ऑपरेशन सांगून वर्ष झालं. कोनाले बोलायची सोय नही."

"रावेरपासून इथपर्यंत कोणी चालवली?"

"मीच," भाऊ म्हणाला. "अजून कोन?"

भोवती त्याची दोन मुलं होती, जावई होता, पाच-सहा चुलतभाऊ होते. साऱ्यांना ती गाडी दिसत होती. कोणी त्याच्याकडून किल्ली मागितली नव्हती. कोणी म्हटलं नव्हतं की दादा, आबा, तुमच्या जिवासाठी. दोन धडधाकट पाय असलेल्या माणसाला ते कोणी म्हणत नाही.

"भाऊ," मी म्हटलं, "हे गृहस्थ चांगले आहेत. यांना तू ठेवून घे."

तो भडकला. चेहरा लाल झाला, आवाज चढला. "मले? मले कायले ड्रायव्हर? पन्नास वर्षं झाले चालवतो मी! मह्यी गाडी दुसऱ्याच्या हाती गेली न्, तं मह्या जिवाले लागते!"

आवाज अंगणभर गेला. मग तो एकदम थांबला. स्वतःचं बोलणं त्याला स्वतःलाच ऐकू आलं असावं.

माझ्याकडे त्याला सुनवायला वर्षभराचं साठलेलं होतं. ते सगळं बाजूला राहिलं. इतक्या वर्षांत तोंडात न आलेली गावाकडची बोली आपोआप आली.

"मह्याबी जिवाले लागते, भाऊ," मी म्हटलं.

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. जमिनीकडे बघत त्यानं खिशातून किल्ली काढली आणि ती त्या ड्रायव्हरला न देता वहिनींच्या हातावर ठेवली. वहिनींनी ती त्यांना दिली. भाऊ आयुष्यात पहिल्यांदा वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या दाराकडे गेला, तेव्हा मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. तरी मी गाडीत बसून खिडकीची काच वर केली, मूठ आवळली, पहिला टाकला आणि निघाले. धुळ्यापर्यंत माझ्या शेजारची सीट रिकामी होती.